मरण लिहून द्या

दादूसला वेड लागलंय असं आमच्या भागात ज्यांना ज्यांना वाटतं, त्यांत पहिला नंबर माझा होता. उगाच खोटं कशाला बोलू. टीव्हीवर रोज लागणारी मालिका, त्यातली सासऱ्याची भूमिका, वर्षानुवर्षं चालेल अशी. लोक आपण होऊन बोलावून देतायत आणि हा माणूस म्हणतो, नको. का नको? तर हा सासरा मरणार कधी, ते आधी कागदावर लिहून द्या. मी शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. माझ्या हातात पेन होतं, टोपण काढलेलं.

दादूस भिवंडीजवळच्या पूर्णा गावचा. त्याच्या बापाची भाताची खाचरं होती तिथं आता गोडाऊन उभं आहे. कुठल्याशा कंपनीला भाड्यानं दिलंय आणि त्याच गोडाऊनच्या गेटवर दादूस वॉचमन. मालकही तोच, वॉचमनही तोच. कंपनीचा नवा मॅनेजर एकदा त्याला टोपी सरळ घालत नाही म्हणून झापत होता आणि हा मान खाली घालून "जी साब, जी साब" करत होता. मी मागाहून म्हटलं, "दादूस, अरे सांग ना त्याला, जागा कुणाची आहे ते." तर म्हणाला, "सांगून क करू? माजा वॉचमन चांगला रंगलाय. त्याची कशाला वाट लावू?"

मी तेव्हा मानकोलीला एका गोडाऊनमध्ये डिस्पॅचला होतो. दुपारी डबा घेऊन त्याच्या गेटवर जायचो. देवीच्या जत्रेला आमच्या मंडळाचं नाटक व्हायचं, त्याच्या आधीचे दोन महिने त्या गेटवर काय चालायचं ते यूपीच्या ट्रक ड्रायव्हरांना विचारा. ज्या वर्षी तो राजा होता त्या वर्षी ड्रायव्हरला खाली उतरून दोन पावलं मागं सरकून बोलावं लागायचं. ज्या वर्षी आंधळा होता त्या वर्षी गेटपास हातात घ्यायचा, बोटांनी चाचपायचा आणि म्हणायचा, "पढ़ो, बेटा. हमको दिखता नहीं." ड्रायव्हर बिचारे आपलाच पास आपणच वाचून आत जायचे. एक म्हातारा सरदारजी तर दर खेपेला त्याचा हात धरून त्याला रस्ता ओलांडून द्यायचा. दादूसला पलीकडं काही काम नसायचं, तरी तो जायचा आणि ट्रक आत गेला की परत यायचा.

मी मंडळाचा प्रॉम्प्टर. सत्तावीस वर्षं विंगेत स्टुलावर बसून, वही मांडीवर घेऊन, दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजत काढली. स्टेजवर पाऊल टाकलं ते फक्त खुर्च्या उचलायला. म्हणून दादूसबद्दल मी जे सांगतो ते जवळून पाहिलेलं आहे. समोरून पाहणाऱ्यांना ते दिसलं नाही.

त्याची पहिली अट ही की माणूस नाटकात मेला पाहिजे. जगणारी भूमिका तो घ्यायचाच नाही. नायक शेवटी लग्न करून सुखानं राहतो असं असेल तर म्हणायचा, "त्याला सोरू कसा मंग? तो नाटक संपल्यावर जानार कुठं?" आणि मरायचा मात्र असा की बायका पदराला डोळे पुसायच्या. मग वन्स मोअर. दादूस उठायचा, अंगावरची माती झटकायचा, पुन्हा मरायचा. एकदा तो मरून पडलेला असताना माइकवरून पुकारा झाला की सरपंचांच्या हस्ते त्याचा सत्कार होणार आहे. आमच्याकडं नाटक मधेच थांबवून सत्कार करायची रीतच आहे. मेलेला दादूस उठला, शाल आणि नारळ घेतला, सरपंचांच्या पाया पडला आणि परत त्याच जागी जाऊन, त्याच कुशीवर, शाल पांघरून मेला. त्याची नाटकातली बायको पुढचा विलाप त्या शालीला धरून करत होती.

इथवर आपण हसू शकतो. पुढचं ऐका. नाटक झालं की दादूस त्या मेलेल्या माणसाचं सुतक पाळायचा. घरात शिरायच्या आधी अंगणात आंघोळ, तोंडात कडुलिंबाचा पाला, आणि दहा दिवस घरात मासळी बंद. आगऱ्याच्या घरात दहा दिवस मासळी बंद म्हणजे काय, ते कळायला आगरीच व्हावं लागतं. दहाव्या दिवशी खाडीवर पिंड. सेनापतीच्या वेळी मी बरोबर होतो. भटजींनी विचारलं, "मयताचं नाव?" दादूस म्हणाला, "सेनापती." भटजी म्हणाले, "गोत्र?" दादूसनं माझ्याकडं बघितलं. मी वही चाळून सांगितलं की लेखकानं दिलेलं नाही. भटजी जुने, त्यांनी दादूसची अशी पाच-सहा माणसं आधीच वाटेला लावली होती. म्हणाले, "माहीत नसलं की काश्यप म्हणायचं," आणि सुरू झाले.

कावळा शिवेना. दीड तास आम्ही उन्हात उभे. दादूस हात जोडून सेनापतीच्या मनात जे जे असेल ते सगळं कबूल करून बसला. राज्य सांभाळतो म्हणाला, किल्ला सोडत नाही म्हणाला. मग माझ्या लक्षात आलं की दुसऱ्या अंकात ह्यानं एक वाक्य गाळलं होतं, "माझ्या घोड्याला पाणी दाखवा" हे. मी सांगितलं. दादूसनं ते वाक्य कावळ्यासमोर मोठ्यानं म्हटलं, आणि शिवला की मेला कावळा. त्याला भूक लागली असेल, एवढी अक्कल मलाही आहे. पण मी तिथं होतो आणि माझ्या अंगावर काटा आला होता.

ह्या सगळ्याला वयनी कधी हसली नाही की चिडली नाही. वयनी म्हणजे दादूसची बायको. दहा दिवस मुकाट्यानं वाल आणि बटाटे करायची. मला आधी वाटायचं, सोशीक बाई आहे. खरं कारण मला नंतर समजलं, ते त्या संशयी नवऱ्याच्या नाटकात.

गावातल्याच एका मास्तरांनी लिहिलेलं नाटक. नवरा बायकोवर संशय घेतो, तिला छळतो, शेवटच्या अंकात त्याला चूक उमगते, तिच्या पायाशी बसून माफी मागतो आणि मरतो. दोन अंक झकास झाले. तिसऱ्याच्या आधी सत्काराची वेळ आली आणि शाल आधी कुणाच्या हस्ते यावरून पंचायतीतल्या दोन पार्ट्या भिडल्या. खुर्च्या उडाल्या, मांडवाचा खांब निघाला, पोलीस आले, नाटक बंद. माफी राहिली आणि मरणही राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादूसनं वयनीला विचारलं, "दारात कुनाची चप्पल हाय?" चप्पल त्याचीच होती. वयनीनं तसं सांगितलं. तो म्हणाला, "माजीच कशावरून?" तिथून सुरू झालं. दूधवाल्याशी किती वेळ बोललीस, दोन कप का विसळलेत, खिडकी उघडी कशाला. गेटवर माझ्यासमोर बसून हा बाप्या ढसाढसा रडला. "मी न्हाय रं विचारत तिला. तो विचारतो. त्याची माफी राहिली ना, तो जाईल कसा?" मी त्याला म्हटलं, डॉक्टरला दाखवू. तोवर वयनी बॅग भरून मानकोलीला भावांकडं निघून गेली होती.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही तिच्या माहेरच्या अंगणात गेलो, दादूस मेकअप करून आणि मी वही घेऊन. वयनीचे दोघे भाऊ हाताची घडी घालून ओट्यावर. दादूसनं वयनीला खुर्चीवर बसवलं आणि राहिलेला तिसरा अंक पहिल्यापासून केला. काय केला म्हणून सांगू. एका वाक्याला प्रॉम्प्ट लागलं नाही. माफीपाशी आला तसा तिच्या पायांवर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. मी वयनीला हळूच सांगितलं, "इथं बायकोचं वाक्य आहे, मी तुम्हाला क्षमा केली." वयनी म्हणाली, "ते माजं मी बघीन. त्याला फुरं जाव दे." मग दादूस अंगणात मेला.

वयनी वाकून बघत राहिली. मला म्हणाली, "मेला क नक्की?" मी वही बघितली. म्हटलं, मेला, पडदा पडतो असं लिहिलंय. तिनं मान हलवली आणि बॅग आणायला आत गेली. तिच्या आईनं मात्र आम्हा सगळ्यांना आंघोळी करायला लावल्या, दारात मयत झालं होतं म्हणून.

आता टीव्हीचं. शेजारचं रिकामं गोडाऊन एका मालिकेवाल्यांनी सेटसाठी घेतलं. त्यांच्या एक मॅडम जागा बघायला आल्या आणि चुकून आमच्या गेटवर गाडी लावली. दादूस त्या वर्षी दुष्ट सावकाराच्या तालमीत होता. त्यानं नुसतं बघितलं. मॅडमच्या ड्रायव्हरनं न सांगता गाडी रिव्हर्स घेतली. मॅडम उतरून चालत परत आल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही कॅमेऱ्यासमोर असं बघाल का?"

दोन वेळा चाचणी झाली. भूमिका सासऱ्याची, सुनेला छळणाऱ्या, घरभर दरारा असलेल्या आप्पांची. मी दादूसचा मॅनेजर झालो. कुणी केलं नाही, मीच झालो. गोडाऊनची नोकरी सोडून द्यायची, ह्याच्या मागं बॅग धरून हिंडायचं, एवढं सगळं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. निघायच्या दिवशी वयनीनं मला मागच्या दारी बोलावलं. "त्या सासऱ्याला घ्या नाय तर न घ्या, तुमचा तुमी बघा. मना फकस्त आधी सांगा, मी म्हायेरी जाव क हिकरंच रावू?" मी म्हटलं, "वयनी, काळजी करू नका." काय म्हणून म्हटलं कुणास ठाऊक, माझं सगळं लक्ष गाडीकडं होतं.

अंधेरीच्या ऑफिसात एसी एवढा की दादूसनं कानाला मफलर गुंडाळला. मॅडमनी कागद पुढं केले. दादूसनं ते उघडले नाहीत.

"मॅडम, यो सासरा मरतो कवा?"

मॅडम हसल्या. "मरत नाही सर. काळजी करू नका, तुमची भूमिका एकदम सेफ आहे."

"सुधारतो कवा?"

"ते आम्ही दुसऱ्या मालिकेत करून बघितलं होतं. सासू सुधारली आणि आठवड्यात प्रेक्षक गेले."

"शेवट क लिवलाय?"

"शेवट लिहिलेलाच नसतो सर. उद्याचा एपिसोड आज रात्री येतो. कधी कधी सकाळी."

दादूसनं कागद न उघडताच मॅडमकडं परत सरकवले. मग म्हणाला, "येक कागूद करा. कवा पन चालंल, धा वर्सांनी चालंल. पन मी सोराच्या आधी त्यो सुनेची माफी मागंल आनि मरंल. येवरा लिवून द्या."

मॅडमनी कुणाला तरी फोन लावला. असं कलम त्यांच्यात नव्हतं. पण बाई मनानं चांगली, तिनं आपल्या परीनं पुष्कळ केलं. म्हणाली, "सर, कोमा देऊ शकते. तीन महिने." दादूस नको म्हणाला. "स्मृती घालवू? अमेरिकेला पाठवू?" दादूसनं विचारलं, मी मधेच सोडलं तर काय करता. ती म्हणाली, सोपं आहे, दुसरे कलाकार घेतो, अपघात आणि प्लास्टिक सर्जरी दाखवतो. तेव्हा दादूसचा चेहरा उतरला. "म्हंजे तो जिता राहतो. नुसता घर बदलतो." एवढं बोलून तो उठला, मॅडमना नमस्कार केला आणि मफलर सोडत बाहेर गेला.

परतीच्या गाडीत मी त्याला तोंडाला येईल ते बोललो. कपाळकरंटा म्हटलं, स्वतः खात नाही आणि दुसऱ्याला खाऊ देत नाही म्हटलं. तो खिडकीतून बाहेर बघत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तुजी वयनी घरात हाय रं." मला ते उत्तर म्हणून पटलं नाही. बायका सगळ्यांच्याच घरात असतात.

आठवड्यानं मला फोन आला. चाचणीच्या वेळी दादूसच्या मागं उभा राहून मी सवयीनं वाक्यं कुजबुजत होतो, ती रेकॉर्ड झाली होती. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या आवाजात एक थंडपणा आहे." सत्तावीस वर्षं विंगेत बसलेल्या माणसाला असं कुणी म्हटलं तर तो काय करेल? मी दादूसला विचारायला गेलो. म्हणजे सांगायलाच गेलो. तो म्हणाला, "घे. पन लिवून घे." मी हो म्हटलं आणि सही करताना कागद उलटूनसुद्धा पाहिला नाही.

पाच वर्षं मी आप्पा होतो. चांगला केला, आपल्या तोंडानं सांगू नये पण केला. भाजी मार्केटात बायका मला शिव्या द्यायच्या आणि मी घरी येऊन आरशात बघायचो. तिसऱ्या वर्षी मुलाचं लग्न झालं. सून भिवंडीच्या शाळेत शिकवते, हसरी पोर. पहिले काही महिने आम्ही मालिका एकत्र बघायचो, ती माझी नक्कल करायची. मग एकदा जेवताना आमटी अळणी लागली आणि माझ्या तोंडून आलं, "आमच्या घराण्यात हे चालत नाही." मंगळवारच्या एपिसोडमधलं वाक्य. आमचं कसलं घराणं, माझा बाप पॉवरलूमवर सुताच्या कांड्या भरायचा.  सुनेनं उठून मिठाची बरणी आणली.

पुढं मी तिच्या शाळा सुटायच्या वेळेला खिडकीत घड्याळ घेऊन उभा राहू लागलो. मला कळत होतं, शपथ सांगतो कळत होतं. रोज बारा तास एका पोरीला रडवायचं आणि तेराव्या तासाला दुसऱ्या पोरीचा सासरा व्हायचं, ते मला जमेना. मी मॅडमकडं गेलो, म्हटलं आप्पांना मारा. त्या म्हणाल्या, "सर, तुमच्यावर तर मालिका उभी आहे," आणि कोमा देऊ केला. मी उठून यायला हवं होतं. आलो नाही. खरं तर मलाच सुटत नव्हतं ते.

सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली. रीतच आहे. पण तिच्या सामानात शाळेच्या पुस्तकांची पेटी होती, हिवाळ्याचे कपडे होते. बायकोनं विचारलं, "परत कधी आणायला येऊ?" सुनेनं माझ्याकडं बघून, हसून, अगदी नीट सांगितलं, "मालिका संपली की येते, बाबा." मुलगा मान खाली घालून पेटी उचलत होता. ती मालिका संपणार नाही हे त्या घरात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

मुलगी झाली. चार महिने झाले तरी मी तिला फोनवरच बघत होतो. तेव्हा मी दादूसकडं गेलो. वयनीला जाऊन तोवर दोन वर्षं होत आली होती. साधा ताप आला आणि आठवड्यात गेली. तिच्या दहाव्याला दादूस मला एवढंच म्हणाला होता, "नाटकातला मरन बरा होता रं." त्यानंतर त्यानं नाटक केलं नाही. गेटवर नुसता वॉचमन असायचा, राजा नाही की आंधळा नाही.

मी सगळं सांगितलं. सांगताना रडलो, लाज कसली. मला वाटलं, आता हा म्हणेल, लिवून घे बोललो होतो ना. तो तसं काही बोलला नाही. पाण्याची बाटली माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाला, "मना दे तुजा मानूस."

"वेड लागलंय का तुला? तो मरणार नाही, सुधारणार नाही."

"माहीत हाय. माज्या घरात आता रडवायला कुनी न्हाय. राहंल तिकरं."

मॅडमना आनंद मावेना. आप्पांना अपघात झाला. सहा दिवस तोंडाला बँडेज, त्यातले चार दिवस आत मी होतो आणि दोन दिवस दादूस. मालिका रोज बघणाऱ्या माझ्या बहिणीलाही फरक कळला नाही. दादूसच्या सहीच्या वेळी मॅडम आपण होऊन म्हणाल्या, "सर, ते मरणाचं..." दादूस म्हणाला, "ऱ्हाव द्या."

दादूस माझ्यापेक्षा शंभर पटीनं भारी आप्पा करतो. बघवत नाही. मी बघत नाही. सून पुस्तकांची पेटी घेऊन परत आली आणि आम्ही राहिलेलं बारसं थाटात केलं. मी दादूसला चार वेळा निरोप धाडला होता, पहिला पेढा तुझा म्हणून. तो आला नाही. सगळे जेवून उठले तेव्हा मी त्याला फोन लावला.

"का नाही आलास?"

"मना आता येकट्याला येता येत न्हाय. पोरीच्या पालन्याशी त्याला कशाला आनू?" मग म्हणाला, "नाव क ठेवलाव?"

मी नाव सांगितलं. तिकडून त्यानं ते एकदा अगदी हळू उच्चारलं. पुन्हा एकदा उच्चारलं. मी काही बोलणार, तेवढ्यात घाईनं म्हणाला, "ठेव फोन. तो उठला."